नऊ तारखेचा अर्धा खाडा

पहाटे 3.30

तळावर पऱ्हाटी मोडल्याचा आवाज येतो. एका कोपीत चूल पेटते, मग शेजारच्या कोपीत. पाथरी तालुक्यातलं हे एक पडीक वावर. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या बाजूला आलं आणि उसाचे फड वाढले. वावरात दहा कोप्या आहेत. बांबूच्या कामट्या वाकवून, वर पाचट आणि ताडपत्री टाकून केलेल्या. वीज नाही. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवरून, तेही मोटार चालू असेल तेव्हा.

टोळी गंगाखेड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली. दहा कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता.

जिच्यासोबत आजचा दिवस काढायचा आहे ती चोवीस वर्षांची आहे. सहावा महिना चालू आहे. पाच वर्षांचा मुलगा गोधडीत झोपला आहे. जानेवारीची 9 तारीख. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली, त्यात कालव्याकाठचा गारवा. तिने नवऱ्याचा सदरा साडीवरून चढवला आहे. मोबाइलचा टॉर्च पेटीवर उभा करून ती ज्वारीच्या भाकरी थापते. दहा भाकरी, मिरचीचा ठेचा, काल उरलेलं बेसन. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण, दोन्ही यातच.

नाव लिहायचं नाही असं तिने आधीच सांगितलं. "नाव टाकलं तर पुढच्या साली उचल मिळायची न्हाई." उचल म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ मजुरी. म्हणून नाव लिहीत नाही.

पहाटे 4.40

ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत सगळे चढतात. कोयते, विळे, पाण्याचे कॅन, भाकरीची गाठोडी. तिला चढताना जाऊ हात देते. मुलगा झोपेतच आहे. तो एका म्हातारीजवळ तळावर राहील. म्हातारी म्हणजे टोळीतल्याच एकाची आई, तिला कोयता पेलवत नाही. आठ पोरं ती सांभाळते. त्याबद्दल प्रत्येक घरातून तिला एक भाकरी मिळते.

खडबडीत वाट आहे. ट्रॉली उडते तशी ती दोन्ही हातांनी पोट धरते.

पहाटे 5.10

फडात दव आहे. पाचट ओलं, हाताला कापणारं. नवरा वाकतो आणि बुडख्याला जमिनीलगत घाव घालतो. वर तोडून चालत नाही. साखर खालच्या कांड्यांत जास्त, म्हणून बुडखा राहिला की शेतकरी ओरडतो आणि कारखान्याचा माणूसही. तो ऊस मागे टाकतो. ती शेंड्याचं वाढं छाटते, पाचट काढते, ऊस सरळ लावते. अशा उसांची मोळी होते. वाढ्यानेच ती बांधायची. गाठ मारताना गुडघा मोळीवर दाबावा लागतो. यंदा ती गुडघा दाबत नाही, पाय लावते.

एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. टनाला 366 रुपये. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने 34 टक्के वाढ ठरवली, तेव्हापासूनचा हा दर. या जोडीने दसऱ्याच्या आधी 1 लाख रुपये उचल घेतली आहे. त्यातले काही मागची बाकी फेडायला गेले, काही घराच्या पत्र्याला, काही नणंदेच्या लग्नाला. लाख रुपये फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर 137 दिवस. हंगाम तेवढा चालला, कोणी आजारी पडलं नाही आणि एकही खाडा झाला नाही, तर फिटते. पंधरवड्याला किराणा-मिठासाठी टोळी आणणारा मुकादम खर्ची देतो, ती वेगळी मांडली जाते.

खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दंड. या टोळीत दिवसाला जोडीमागे 500 रुपये. ताप आला तरी खाडा. पोर दगावलं तरी खाडा. बाळंत झाली तरी खाडा.

सकाळी 7.40

ऊन पाचटावर आलं आहे. अडीच तास तोड झाली. मुकादम मोटारसायकलवरून येतो. तिच्याच गावचा, नवऱ्याचा चुलत मामा. बंडीच्या खिशात लांबट वही.

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहते.

"मामा, मला दवाखान्यात जायचंय. नऊ तारीख हाय."

"काय दुखायलंय का?"

"दुखत न्हाई. तपासायचंय."

"दुखत न्हाई तर उद्या जा की. आज दोन ट्रॉल्या भरायच्यात."

"मोठ्या डॉक्टरीणबाई नऊ तारखेलाच बघत्यात. आशाताईनं सांगितलंय."

मुकादम वही काढतो. "मी तरी काय करू, बाई? ठेकेदाराचा फोन येतो. खाडा लिहावा लागंल."

"लिहा. पर अर्धा लिहा. अडीच तास तोडलंय मी. गाडी भरायच्या आत परत येते."

तो नवऱ्याकडे बघतो. नवरा तोडतच असतो. जाऊ मोळी खाली टाकून म्हणते, "तिच्या वाट्याचं मी बघते. अर्धाच लिहा, मामा."

अर्धा लिहिला जातो. 250 रुपये.

मी वही मागून बघितली. त्याने दिली, लपवलं काही नाही. पानावर दहा नावं आहेत, दहाही पुरुषांची. नावापुढे उचल, खर्ची आणि तारखेसह खाडा. हजेरीचा रकाना नाही. हजर असणं धरलेलंच असतं. बायकोने खाडा केला तर तो नवऱ्याच्या नावापुढे पडतो. ती नोव्हेंबरापासून रोज पहाटे या फडात उभी आहे, आणि तिच्या असण्याची कागदावरची एकमेव खूण म्हणजे ती नव्हती त्या दिवसांची. ज्याला तिचा हक्क मागायचा आहे त्याला इथूनच सुरुवात करावी लागेल.

मुकादम वाईट माणूस आहे असं मला वाटलं नाही. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो. ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळीला. टोळी मधूनच पळाली तर मुकादमाचं शेत जातं. प्रत्येक जण खालच्याला धरून आहे. सगळ्यात खाली ही बाई आहे, आणि तिने धरावं असं कोणी नाही.

सकाळी 8.30

ती विहिरीवर हातपाय धुते, सदरा काढून नवऱ्याकडे देते. पिशवीत आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, आधीच्या तपासणीचा कागद. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. कार्ड तिने गावाहून निघताना आशाताईकडून मागून आणलं. पहिल्या खेपेला ते घरी पेटीत राहिलं होतं.

फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चालायचं. वाटेत ती पहिल्या खेपेचं सांगते. तेव्हा टोळी बेळगाव जिल्ह्यात होती. डिसेंबरात, कोपीतच बाळंत झाली. बायकांनीच केलं. बाराव्या दिवशी ती मोळ्या बांधायला बसली, पण अंगावरून फार जायला लागलं म्हणून पुन्हा पाच दिवस पडून राहिली. असा एकूण सतरा दिवसांचा खाडा. तेव्हा खाड्याचा दर दिवसाला 400 होता. हिशेबात 6,800 रुपये चढले. उचल फिटली नाही. त्या 6,800 साठी पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागलं.

तेव्हा प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये तीन हप्त्यांत मिळत. गावात नोंदणी झाली होती, 1,000 रुपयांचा पहिला हप्ता आला. पुढच्या हप्त्याला तपासणीची नोंद हवी, शेवटच्याला जन्माची नोंद आणि लसीकरण. ती कर्नाटकात, कार्ड पेटीत. 4,000 राहिले ते राहिलेच.

"आवंदा म्हणूनच जवळचा कारखाना घ्या म्हणले," ती सांगते. उचल थोडी कमी मिळाली.

सकाळी 9.15

एसटी येते. बायकांना अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून. 15 रुपये. पैसे तिच्या कमरेच्या पिशवीतले. वाढ्याच्या पेंड्या गावातले लोक जनावरांना विकत नेतात, ते पैसे बायका आपल्याकडे ठेवतात. हंगामात हातात येणारी रोकड एवढीच.

सकाळी 10.00

ग्रामीण रुग्णालयाच्या पडवीत गर्दी आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान हे त्याचं नाव, 2016 पासून चालू आहे. केसपेपरला पैसे नाहीत. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत. ती रांगेत उभी राहते. पुढच्या बायका सरकून तिला बाकावर जागा देतात.

कार्ड बघून परिचारिका विचारते, "गंगाखेडची ना? मग इकडं कशी?"

"ऊस तोडायलोत."

परिचारिका कार्डावरचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घेते. पुढे लिहिते, स्थलांतरित. हा क्रमांक नसता तर सगळी माहिती पहिल्यापासून लिहावी लागली असती. वजन 43 किलो. रक्तदाब ठीक. बोटातून रक्त घेतात. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं होतं, ते देतात.

सकाळी 10.50

बाकावर शेजारी बसलेली बाई गवंड्याच्या हाताखाली काम करते. सातवा महिना. तिच्याकडे बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड आहे. या मंडळात नोंद असलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पैसे मिळतात. नैसर्गिक बाळंतपणाला 15,000, ऑपरेशन झालं तर 20,000. अट एवढीच, की वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा.

दाखला देणार कोण? ठेकेदार सही करायला तयार नव्हता. सही केली म्हणजे आपल्याकडे कामाला आहे हे कबूल केल्यासारखं. शेवटी ग्रामसेवकाकडून घेतला. त्यासाठी चार वेळा हेलपाटे घातले. फॉर्म ऑनलाइन भरायला एका माणसाने 1,500 घेतले. तरी ती खूश आहे. पहिल्या बाळंतपणाचे 15,000 तिच्या खात्यात आले होते. दोन महिने घरी बसता आलं.

ऊसतोडवाली ऐकत राहते. मग विचारते, "आमाला हाय का असलं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ 2019 मध्ये स्थापन झालं. गाळलेल्या टनामागे कारखान्याने 10 रुपये द्यायचे, सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलं आहे. म्हणजे या जोडीने दोन टन तोडले की त्यांच्या कामावर 40 रुपये महामंडळाच्या नावे जमा व्हायचे. गावच्या ग्रामसेवकाने ऊसतोड कामगाराला ओळखपत्र द्यायचं, हेही ठरलं आहे. तिच्या नवऱ्याकडे ते आहे. तिच्याकडे नाही. सर्वेक्षणाच्या वेळी ती घरात होती, पण लिहिणाऱ्याने घरातल्या कर्त्याचं नाव विचारलं.

"मी बी तोडते की," ती म्हणते.

हेच खरं आहे, आणि कायद्यात त्याला किंमतही आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने कामकरी बाईला बाळंतपणाची पगारी रजा दिली. 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली, त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अट अशी, की आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं हवं. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात ही बाई 80 हून कितीतरी जास्त दिवस तोडते. पण कायदा कारखान्याला लागतो, खाणीला लागतो, दहा माणसांच्या दुकानाला लागतो. फड कारखान्याच्या गेटाबाहेर आहे. कारखाना म्हणतो, आमचा करार ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादमाची वही आपण सकाळी बघितली. साखरेचं प्रत्येक पोतं मोजलं जातं, प्रत्येक गाडी काट्यावर चढते. ऊस तोडणाऱ्या बाईचे दिवस मोजायला तेवढीच एक वही आणि एक रकाना लागतो. तो नाही.

सकाळी 11.50

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. कागद बघतात. हिमोग्लोबिन 8.6. गरोदर बाईला ते 11 तरी हवं.

"गोळ्या घेतेस का?"

"घेते. पोटात मळमळतं म्हणून कधी राहत्यात."

"नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्यावं लागेल. एक दिवसाआड, निदान तीन वेळा यायचं."

ती गप्प होते. तिच्या ओठांवरून कळतं की ती मोजते आहे. तीन अर्धे खाडे, 750 रुपये. जाण्यायेण्याचे वेगळे. सगळं मिळून जवळपास अडीच टन उसाची मजुरी.

"गोळ्याच वाढवून द्या ना, मॅडम."

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवतात. बाळंतपणात रक्त गेलं तर काय होतं ते सांगतात, आवाज न चढवता. ती ऐकते. तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली निघते. मग ती जे बोलते ते बहुधा फाट्यापासून मनात धरून आली होती.

"मॅडम, एक चिठ्ठी द्याल का? वजन उचलू नको म्हणून. तोंडी सांगितलं तर कोणी मानत न्हाई."

डॉक्टरीणबाई केसपेपरवर लिहितात: सहा महिन्यांची गरोदर, तीव्र नसला तरी मध्यम रक्तक्षय, जड वजन उचलू नये, वाकून सतत काम करू नये, इंजेक्शनसाठी तीन वेळा येणं आवश्यक. खाली सही, शिक्का, तारीख. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारतात. दोन ओळींचं काम, पण त्यासाठी त्यांचा मी मनापासून आदर करतो.

दुपारी 12.30

गवंड्याकडची बाई बाहेर थांबली आहे. ती सांगते, "मूळ कागद कुणाला देऊ नको. झेरॉक्स दे." दोन झेरॉक्स, 4 रुपये. चार केळी, 20 रुपये. दोन स्वतःला, दोन मुलाला. चहा 10 रुपये. लोहाच्या लाल गोळ्या दवाखान्यातून मिळाल्या आहेत, कॅल्शियमच्याही.

दारात त्या भागाची आशाताई भेटते. तळ कुठे, किती बायका, कोणाला दिवस गेलेत, ती विचारून डायरीत लिहून घेते. टोळीत आणखी एक आहे, तिसऱ्या महिन्यातली, जिने अजून हिच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. ऊसतोडवाली ते हळूच सांगते. आशाताई नाव लिहून घेते आणि म्हणते, परवा येते तळावर. दुसऱ्या मुलाच्या मातृवंदनेचंही ती समजावते. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच 6,000 मिळतात, बाळंतपणानंतर, एकदम. मुलगा झाला तर नाही. "कार्ड जपून ठेव. जन्माची नोंद लगेच कर. मागल्यासारखं करू नको."

दुपारी 1.45

परतीची एसटी नव्हती. ऑटोने 30 रुपये. फाट्यावरून पुन्हा चालत. ऊन चढलं आहे.

फडात बायका बांधावर जेवायला बसल्या आहेत. ती भाकरी सोडते. चिठ्ठी हातोहात फिरते. वाचता एकीलाच येतं, ती मोठ्याने वाचते. "वाकून सतत काम करू नये" या ओळीवर सगळ्या थांबतात. दिवसभराचं कामच ते आहे.

एक चाळिशीच्या आतली बाई काही बोलत नाही. मग म्हणते, "माझी पिशवी काढलीया. तेव्हा कुणी चिठ्ठी दिली न्हाई." शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये हा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासलेल्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. दर महिन्याचा त्रास, त्यात पडणारा खाडा, खासगी डॉक्टरांनी घातलेली भीती, कारणं अनेक होती. ही बाई आपल्या कारणाबद्दल एवढंच सांगते, "दुखायचं. खाडं व्हायचं. काढून टाकली. आता कंबर दुखती."

दुपारी 2.30

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर फडात शिरतो. आता मोळ्या वाहायच्या. मोळी तीस-पस्तीस किलोंची. चुंबळ डोक्यावर ठेवून, वाकून, मोळी उचलून, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी हलते. पाचटावरून पाय घसरतो. एकेका बाईच्या वाट्याला साठ-सत्तर खेपा.

मुकादम आला आहे. ती झेरॉक्स पुढे करते. तो चष्मा लावून वाचतो. पुन्हा वाचतो. शिक्का बघतो.

"हे कशाला आणलं?"

"तुम्हीच म्हणता, ठेकेदार ऐकत न्हाई. त्याला दाखवा."

तो थोडा वेळ गप्प बसतो. मग मोबाइल काढून चिठ्ठीचा फोटो घेतो, ठेकेदाराला पाठवतो. "बरं. तू वर चढू नको. मोळ्या बांध, उचलून देऊ नको. भरायचा खाडा धरत न्हाई."

तिच्या साठ-सत्तर खेपा कोण करणार? जाऊ पंधरा म्हणते. दुसरी दहा. वाचणारी दहा. पिशवी काढलेली बाई काही न बोलता दोन मोळ्यांमधली जड मोळी उचलते. बाकीच्या नवरा मारतो. सावडीने भागतं. मागच्या वर्षी जाऊ तापाने पडली होती तेव्हा हिने तिच्या खेपा मारल्या होत्या. कायदा पोचत नाही तिथे बायकांनी आपसात रजेची सोय केली आहे. पण त्या सोयीत उसाचं वजन कमी होत नाही, ते दुसऱ्या बाईच्या मानेवर जातं. हे विसरून तिचं कौतुक करणं मला जमत नाही.

सायंकाळी 6.40

ट्रॉल्या भरल्या. साखळदंड आवळले. कारखान्याचा चिटबॉय चिठ्ठी फाडतो. वजन उद्या काट्यावर कळेल. अंदाज वीस टनांचा. टोळीचं वजन एकत्र धरतात, वाटणी दर कोयत्याला सारखी.

तिचा हिशेब ती ट्रॉलीशेजारी उभी राहूनच करते. दोन टनांचे 732. त्यातून अर्ध्या खाड्याचे 250 गेले, राहिले 482. एसटी 15, ऑटो 30, केळी 20, चहा 10, झेरॉक्स 4, हे 79. उरले 403. पहाटे 4.40 पासून दोन माणसांचे. तेही हातात येत नाहीत, उचलीतून वजा होतात. खाड्याचा पैसा बाकीच्या कोयत्यांत वाटला जातो असं म्हणतात. किती वाटला ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, शेवटच्या हिशेबात कळेल.

सायंकाळी 7.30

तळावर मुलगा केळी बघून पळत येतो. ती चूल पेटवते. नवरा पाणी आणायला जातो. एरवी तीच जाते. आज कुणी न सांगता त्याने हंडा उचलला.

इंजेक्शनाच्या तारखांचा प्रश्न आहे. कारखान्याची साफसफाई असते, कधी यंत्र बिघडतं, कधी गाड्या काट्यावर अडकतात. अशा दिवशी गाडी येत नाही, तोड थांबते. मजुरी नाही, पण खाडाही नाही. ती म्हणते, तसा दिवस आला की जाईन. नवरा म्हणतो, "ते तीन दिवस आपल्या सोयीनं येतील का? परवाच जा. 250 जाऊ दे." ती उत्तर देत नाही. भाकरी उलटते. थोड्या वेळाने विचारते, "परवा गाडी कितीला हाय?"

रात्री 8.45

मूळ चिठ्ठी ती कार्डासोबत प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवते. दुसरी झेरॉक्स नवऱ्याच्या पाकिटात. लाल गोळी घेते. मेच्या पहिल्या आठवड्यातलं बाळंतपण. कायद्याचे आठ आठवडे मागे मोजले तर मार्चच्या सुरुवातीपासून तिने घरी असायला हवं. पट्टा कधी पडेल ते कारखाना ठरवेल. तोवर पहाटे साडेतीनला उठायचं आहे. ती झोपते.

हे वाचणाऱ्यांत कोणी ग्रामसेवक असेल, सरपंच असेल, शिक्षक असेल. दसऱ्यानंतर गावातून टोळ्या निघतात. त्याआधी नवऱ्याचं ओळखपत्र करताना बायकोचंही वेगळं करा, तिच्या नावाने. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत आहे का ते बघा. मुकादम ओळखीचा असेल तर वहीत हजेरीचा रकाना पाडायला सांगा आणि त्यात बाईचं नाव लिहायला सांगा. आणि तुमच्या शिवारात तळ पडला असेल, तर पुढच्या नऊ तारखेच्या आदल्या दिवशी आशाताईला घेऊन तिथे जा. संध्याकाळी सातनंतर जा. त्याआधी तिथे कोणी सापडणार नाही.